व्यवसायाचा रकाना

माझ्या दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव आणि व्यवसाय असे चार रकाने छापलेले आहेत. पहिले तीन आमचा कंपाउंडर बोलता बोलता भरून टाकतो. समोर २३ ते ३२ वयाचा तरुण असेल, तर चौथ्यापाशी मात्र त्याचा हात थांबतो. “काय लिहू?” असे विचारल्यावर कोणी “शेती लिहा” म्हणतो, कोणी “शिक्षण चालू आहे” म्हणतो, आणि एकाने तर खाली मान घालून “राहू द्या रिकामं” असे सांगितले होते. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी २१ वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो आहे. रुग्णाचे निम्मे निदान त्याच्या तक्रारीपेक्षा त्याच्या दिनक्रमात दडलेले असते, एवढे या काळात कळले आहे. त्यामुळे हा रिकामा रकाना मला रक्तदाबाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटू लागला आहे.

या वयाची बेरोजगार मुले दवाखान्यात काय घेऊन येतात, ते आधी सांगतो. आम्लपित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, झोप न लागणे, वजन उतरणे अशा त्यांच्या तक्रारी असतात. “मला उदास वाटते” असे म्हणत कोणीही पायरी चढत नाही. ईसीजी काढला तर निर्दोष निघतो, सोनोग्राफीत काही सापडत नाही, आणि घरच्यांचे दोन-तीन हजार रुपये तपासण्यांत गेल्यामुळे मुलाचा अपराधीपणा तेवढा वाढतो. पोलीस भरतीची तयारी करणारे पहाटे डांबरी रस्त्यावर धावून नडग्या दुखवून घेतात आणि “सोळाशे मीटरची चाचणी जवळ आली आहे, इंजेक्शन देऊन तेवढी निभावून द्या” अशी गळ घालतात. बी.ए. किंवा बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुली बहुधा आईसोबत, आईच्याच दुखण्यासाठी येतात. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली की त्यांचा स्वतःचा रक्तक्षय दिसतो.

पोटदुखीने वरचेवर येणाऱ्या एका मुलाला जेवणाच्या वेळा विचारल्या, तेव्हा तो म्हणाला, “वडील जेवून उठले की मग मी ताटावर बसतो.” वडील कधी नऊला जेवायचे, कधी साडेदहाला, आणि सकाळी ते शेतात निघून जाईपर्यंत हा पांघरुणातून बाहेर येत नसे. चार वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करून पुण्याहून परतलेला हा मुलगा वडिलांच्या एका प्रश्नापासून दूर राहण्यासाठी स्वतःच्या पोटाचे वेळापत्रक मोडत होता. त्या पोटावर मी सहा महिने गोळ्या देत होतो, हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

शिक्षण जितके जास्त, तितका हा प्रश्न बोचरा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर जो अहवाल काढला, त्यात २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधील ३.४ टक्के असल्याचे दिले आहे. निरक्षर माणसाला बेरोजगार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो, हे त्या आकड्याचे सरळ स्पष्टीकरण झाले. पदवीधर मुलाला मात्र मिळेल ते काम करण्याची लाज वाटते आणि काही न करण्याचीही वाटते. या दोन लाजांच्या मधली जागा प्रकृतीला फार वाईट असते.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयोगटातील बेरोजगारांना सहा महिने एखाद्या आस्थापनेत काम शिकायला मिळावे आणि त्या काळात बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० रुपये व पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात मिळावे, असे तिचे स्वरूप होते. ‘लाडकी बहीण’ नुकतीच जाहीर झालेली असल्याने लोकांनी हिला लगेच ‘लाडका भाऊ’ करून टाकले. आमच्या भागात मोठे कारखाने नाहीत. त्यामुळे मुले-मुली ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, तालुक्याची कार्यालये आणि आरोग्य केंद्रे यांतच रुजू झाली. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेली खिरापत, असे माझे तेव्हाचे मत होते आणि ते मी चार लोकांत बोलूनही दाखवले होते. ते मत मी पूर्णपणे मागे घेतलेले नाही. पण दवाखान्यात जे दिसले, ते त्या मतात मावेना.

पुढे ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडिलांनंतर जेवणारा तो मुलगा त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर दवाखान्यात यायचा थांबला. बऱ्या झालेल्या रुग्णाची डॉक्टरला खबर नसते; ती मिळाली ती त्याची आई रक्तदाब तपासायला आली तेव्हा. मुलगा एका शाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून जात होता. सव्वाआठची बस पकडायची म्हणून तो साडेसहाला उठू लागला होता, डबा नेत होता, दुपारी एक वाजता शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांबरोबर जेवत होता आणि रात्री दहाला त्याचे डोळे मिटू लागले होते. शाळेतली पोरे त्याला ‘सर’ म्हणत, हे सांगताना माउलीचा चेहरा असा काही फुलला की, यंत्रावर तिचा रक्तदाबही नेहमीपेक्षा कमी दिसला याचे मला नवल वाटले नाही. “आता घरात भांड्याचा आवाज होत नाही,” असे ती म्हणाली. रोजगाराच्या कार्यक्रमाने एका मुलाची प्रकृती सुधारते, तेव्हा त्या छपराखालच्या आणखी दोन-तीन प्रकृती सुधारत असतात. कुठल्याही प्रगती अहवालात ही गोष्ट येत नाही.

दुसरी एक मुलगी. हिला दोन वर्षांपूर्वी मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि तिने त्या घेतल्या नव्हत्या, कारण आधी धाकट्या भावाची फी होती, मग दिवाळी होती. विद्यावेतनाचा पहिला हप्ता जमा झाला तेव्हा ती एकटीच आली आणि “माझं रक्त तपासायचंय, पैसे आहेत माझ्याकडे” असे तिने सांगितले. हिमोग्लोबिन ८ च्याही खाली होते. त्याच महिन्यात तिने चष्मा केला; शाळेत असल्यापासून तिला फळ्यावरची अक्षरे धूसर दिसत होती आणि सगळ्यांना तशीच दिसतात असा तिचा समज होता. चार महिन्यांनी तिचे रक्त भरून निघाले होते. आणि त्याच चार महिन्यांत लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ती दोनदा माझ्याकडे येऊन गेली होती. ती ज्या कार्यालयात संगणकावर नोंदी करत असे, तिथे बायकांसाठी वापरण्याजोगे शौचालय नव्हते. म्हणून ती सकाळी घरून निघताना पाणी पीत नसे आणि संध्याकाळी पाचपर्यंत ओठ ओले करण्यापलीकडे काही घेत नसे. म्हणजे एकाच योजनेने तिला रक्त दिले आणि दुखणेही दिले. आरोग्यावर परिणाम काय, असे मला कोणी विचारले तर ही मुलगी पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते.

हे असे का होत असावे, याचा विचार करताना ऑस्ट्रियातील मारिएनथाल या खेड्याचा अभ्यास उपयोगी पडतो. व्हिएन्नाजवळच्या या गावाचे सगळे जीवन एका कापडगिरणीवर चालत होते. १९२९-३० च्या सुमारास ती बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी १९३१-३२ च्या हिवाळ्यात तिथे बारकाईने पाहणी केली. माणसांना वेळ भरपूर मिळाला होता, तरी वाचनालयातून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली होती. खिडकीआडून त्यांनी रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालीचा वेग मोजला. पुरुष सावकाश, थांबत थांबत चालत. बायकांची पावले मात्र झपझप पडत, कारण गिरणी बंद झाली तरी चूल, धुणे आणि लेकरे बंद पडली नव्हती. आमच्या बसस्थानकासमोरच्या पानटपरीवर दुपारी तीन वाजता उभे राहिले की ती चाल इथेही पाहायला मिळते, त्यासाठी व्हिएन्ना गाठायला नको.

याहोडा यांनी पुढे यातून एक मांडणी केली, आणि तिच्यावर नंतर पुष्कळ वाद झाले असले तरी दवाखान्यात बसलेल्या माणसाला ती पटते. नोकरी पगार देते हे उघडच आहे. परंतु पगाराबरोबर ती न सांगता आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांची सोबत, आपल्यापेक्षा मोठ्या कशाचा तरी आपण भाग असल्याची जाणीव, समाजातली ओळख आणि रोज हातपाय हलवायला भाग पाडणारे काही तरी काम, अशा त्या पाच. बेकारीत पगार थांबतो तेव्हा या पाचही गोष्टी एकदमच काढून घेतल्या जातात. शाळेत जाऊ लागलेल्या माझ्या रुग्णाला नेमके काय मिळाले, हे या यादीवरून ताडून पाहिले तर सव्वाआठची बस, एकचे जेवण आणि पोरांचे ‘सर’ हे तिन्ही तिथे सापडतात. दहा हजार रुपयांचेही मोल होतेच, पण त्याची झोप पहिला हप्ता जमा होण्याआधी परतली होती, असे आईच्या सांगण्यावरून दिसते.

उलट, मुलीचे रक्त पैशाने भरून निघाले. ‘लाडका भाऊ’ हे टोपणनाव कितीही सुटसुटीत असो, या योजनेत बहिणीही होत्या, आणि पैशाचा परिणाम मला त्यांच्यात अधिक स्वच्छ दिसला. मुलाच्या औषधाला घरात कसे तरी पैसे निघतात. मुलीच्या चष्म्याला, दाताला, पाळीच्या तक्रारीला स्वतःचे खाते लागते.

इथे स्वतःलाच टोकणे आवश्यक आहे. जी मुले अशा योजनेत अर्ज करतात, निवडली जातात आणि टिकतात, ती मुळातच इतरांपेक्षा धडधाकट आणि उमेद शाबूत असलेली असण्याची शक्यता असते. मग सुधारणेचे श्रेय योजनेला द्यायचे की त्या उमेदीला? औषधाच्या बाबतीत हा घोळ टाळण्यासाठी आपण चिठ्ठ्या टाकून दोन गट करतो. रोजगार कार्यक्रमांत असे सहसा करता येत नाही, पण न्यूयॉर्क शहरात ते आपोआप झाले. तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना काही आठवड्यांचे पगारी काम देणारा कार्यक्रम आहे आणि अर्ज जागांपेक्षा खूप जास्त येत असल्याने सोडत काढतात. २००५ ते २००८ या वर्षांतील सुमारे तीन लाख अर्जदारांची माहिती तीन अर्थतज्ज्ञांनी नंतर तपासली. सोडतीत नाव लागलेल्यांची पुढच्या काही वर्षांतील कमाई न लागलेल्यांपेक्षा वाढलेली नव्हती. पण त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १८ ते २० टक्क्यांनी कमी होते आणि तुरुंगात जाण्याचे प्रमाणही घटले होते. शिकागोमध्ये २०१२ साली हिंसाचारग्रस्त भागांतील १,६३४ विद्यार्थ्यांची अशीच चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. आठ आठवडे अर्धवेळ काम आणि सोबत एक वडीलधारा मार्गदर्शक मिळालेल्या गटात पुढील १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या महिन्यांतली होती.

न्यूयॉर्कच्या निष्कर्षाचा माझ्यावर खोल परिणाम झाला. “यातून पुढे नोकरी लागली का?” या एकाच प्रश्नावर आपण कार्यक्रमाचे यश मोजतो. त्या मापाने न्यूयॉर्कचा कार्यक्रम नापास ठरतो. आणि तरीही त्यातली काही मुले केवळ त्याच्यामुळे जिवंत राहिली.

मात्र ही अमेरिकन उदाहरणे आपल्याकडे जशीच्या तशी लागू करण्यात धोका आहे. तिथली बहुतेक मुले शाळकरी होती. उन्हाळा संपला की ती वर्गात परत जात; काम हा त्यांच्या दोन इयत्तांमधला पूल होता, आणि पुलाच्या पलीकडे जमीन होती. आपला प्रशिक्षणार्थी २७ वर्षांचा आहे. त्याची शाळा केव्हाच संपली आहे, लग्नाच्या बैठकीत “मुलगा काय करतो?” हा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे, आणि योजनेचा पूल जिथे संपतो तिथे पलीकडे काय आहे ते योजनेत लिहिलेले नाही.

पहिल्या तुकडीचे सहा महिने २०२५ च्या सुरुवातीला भरत आले, तेव्हापासून दवाखान्यात हे जाणवू लागले. मुदत वाढणार की नाही, याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या आणि काहींची आम्लपित्ते मुदत संपण्याच्या आधीच परतली. पुढे शासनाने पाच महिने वाढवून दिले, एकूण अकरा महिने झाले, आणि तेही संपले. आता सेवेत कायम करावे, अशी मागणी करत प्रशिक्षणार्थी मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत जाऊन आले. हे शिकाऊ होते, कर्मचारी नव्हते, हे शासनाचे म्हणणे कागदावर बिनचूक आहे. पण अकरा महिने रोज सव्वाआठची बस पकडणाऱ्या शरीराला तो फरक समजत नाही.

वडिलांनंतर जेवणारा तो मुलगा काम संपल्यावर पाचव्या आठवड्यात माझ्यासमोर होता. तक्रार तीच होती, फक्त वजन या वेळी आधीपेक्षा तीन किलो कमी भरले. माझ्याकडे नियमित येणाऱ्या अशा मुला-मुलींत ही पुनरावृत्ती मी आतापर्यंत सहा जणांत पाहिली आहे. दोघांना मात्र त्या अनुभवाच्या बळावर दुसरीकडे काम मिळाले, आणि ते मला बाजारात भेटतात तेव्हा ओळखू येणार नाहीत इतके ताजेतवाने दिसतात. सहा आणि दोन या आकड्यांवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला समजते. शिवाय ज्यांना काही होत नाही, ते माझ्याकडे येतच नाहीत.

पण असेच चित्र पूर्वी एकदा नीट मोजलेही गेले आहे. ब्रिटनमध्ये १९७८ साली शाळा सोडलेल्या बेरोजगार मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला होता, ज्यात साधारण सहा महिने एखाद्या मालकाकडे कामाचा अनुभव आणि आठवड्याला भत्ता मिळत असे. शेफिल्डच्या मानसशास्त्रज्ञांनी त्या मुलांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी केली. कार्यक्रमात असेपर्यंत ती मुले नोकरीतल्या मुलांइतकीच ठीक होती, बेकार मुलांपेक्षा निश्चितच बरी होती. मात्र तो संपल्यावर जी पुन्हा बेकार झाली, त्यांचे हे संरक्षण ओसरून गेले. सहा महिने, भत्ता, अनुभव आणि शेवटी पुन्हा घर, ही चौकट किती ओळखीची आहे! त्यातच उत्तर स्वीडनमधील लुलेओ शहराचा दीर्घ अभ्यास सांगतो की कोवळ्या वयातल्या बेकारीचे ओरखडे चाळिशीतही मनावर दिसतात. १९८१ साली नववी पूर्ण केलेल्या तिथल्या हजारावर मुलांचा मागोवा संशोधकांनी दशकानुदशके घेतला आहे.

स्टिरॉइडचे औषध देताना आम्हा डॉक्टरांना एक गोष्ट पहिल्या वर्षापासून बजावलेली असते, ती म्हणजे ते एकदम थांबवायचे नाही. महिनोन्‌महिने बाहेरून आधार मिळाला की शरीर स्वतःची यंत्रणा मंदावते. गोळी एकाएकी बंद केली तर रुग्ण मूळ आजारापेक्षा वाईट अवस्थेत जाऊ शकतो. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवतात. रोजगार योजनांकडे मी आता याच नजरेने पाहतो. सुरुवातीची मात्रा, पात्रता, कागदपत्रे, हप्ते यांवर आपण पुष्कळ विचार केलेला असतो, पण बंद कसे करायचे याचा एक परिच्छेदही नसतो. मुदत संपते त्या तारखेला मुलाला अनुभवाचे प्रमाणपत्र देतात आणि कार्यमुक्त करतात. कार्यमुक्त हा शब्द मला आताशा फार क्रूर वाटतो.

उतरत्या मात्रेची उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नोकरी गमावलेल्यांसाठी पाच सत्रांचा, एकूण २० तासांचा एक उपक्रम आखला. काम कसे शोधायचे याबरोबरच नकार आल्यावर काय करायचे, याचा सराव त्यात गटात बसून आधीच करून घेत. याला ते अपयशाविरुद्धची लसच म्हणत, आणि लस हा शब्द इथे नेमका बसतो, कारण नकाराची सौम्य मात्रा सुरक्षित जागी आधी टोचली जाते. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत असे आढळले की ज्यांना नैराश्याचा धोका अधिक होता, त्यांनाच याचा अधिक लाभ झाला, आणि दोन वर्षांनंतरही तो टिकून होता. फिनलंडने नंतर हाच नमुना आपल्याकडे राबवला. २० तासांसाठी नवे सरकारी खाते उघडावे लागत नाही, इमारत बांधावी लागत नाही. आपल्या अकरा महिन्यांतील शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याचा एक दिवस यासाठी राखला असता, तर तालुक्याच्या एखाद्या सभागृहात हे सहज झाले असते.

या बाबतीत महाराष्ट्राला परक्यांकडे पाहण्याचे तसे कारण नव्हते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे ज्या कल्पनेचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात जिच्यावर लाखो माणसे तगली आणि १९७७ च्या कायद्याने जी हक्क झाली, त्या रोजगार हमीत ‘हमी’ हा शब्द वजनदार होता. माझे आजोबा त्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होते. खडी फोडून हाताला फोड येत, सुकडीवर दिवस काढावा लागे, आणि प्रकृतीला पोषक असे त्या कामात फारसे काही नव्हते. पण काम मागितले तर मिळेल, आणि हे संपले तरी पुन्हा मागता येईल, ही खात्री ते म्हातारपणीही मोठ्या समाधानाने सांगत. शिकलेल्या मुलांसाठी आपण आणलेल्या योजनांत विद्यावेतन आले, संगणक आला, सावलीतली खुर्ची आली. ती खात्री मात्र वाटेत कुठे तरी गळून पडली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तरुणांना जी हमी देऊ केली, तिच्यात शिक्षण किंवा नोकरी सुटल्यापासून चार महिन्यांच्या आत काम, प्रशिक्षण किंवा शिक्षणाचा प्रस्ताव द्यायचा असे ठरले. ती सगळीकडे सारखी पाळली गेली नाही. पण शिक्षण किंवा नोकरी सुटल्याच्या क्षणापासून घड्याळ सुरू होते, ही त्यातली समज मोलाची आहे.

बाकी गोष्टी किरकोळ वाटाव्यात अशा, पण प्रकृतीला लागणाऱ्या आहेत. एका कार्यालयातून हजेरीची नोंद वेळेवर वर गेली नाही म्हणून एका मुलीचे विद्यावेतन अडकले. ते येईल या भरवशावर तिने घेतलेल्या हातउसन्या पैशांनी तिची झोप आधीपेक्षा जास्त उडवली. अनियमित पैसा हा नसलेल्या पैशापेक्षा कधी कधी वाईट असतो, कारण तो माणसाला रोज मोबाइल उघडून बघायला लावतो. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत निदान आयुर्विमा आणि अपघात विम्याचा हप्ता शासन भरते. जीपच्या टपावर बसून तीस किलोमीटर कामाला जाणाऱ्या आमच्या पोरांना त्याची गरज काही कमी नव्हती.

त्या मुलाला या खेपेस मी गोळ्या लिहून दिल्या, दहा दिवसांच्याच, आणि रविवारी सकाळी दहाला दवाखान्यात यायला सांगितले. रविवारी दवाखाना बंद असतो, प्रतीक्षागृहातली बाके मोकळी असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही मुलाखतीचा सराव घेतात, मी चहा सांगतो आणि मधूनमधून नको ती मते देतो. पहिल्या रविवारी चौघे होते, आता अकरा जण येतात, त्यांत चार मुली आहेत. त्यांपैकी कोणाला अजून नोकरी लागलेली नाही. तिसऱ्या रविवारी निघताना त्या मुलाने कंपाउंडरला विचारले, “दादा, हजेरी नाही का घेत?” कंपाउंडरने माझ्याकडे पाहिले. मग त्याने कपाटातून बाह्यरुग्णांची एक जुनी नोंदवही काढली, उलट्या बाजूने पान उघडले आणि पट्टीने रेघा मारून नाव, गाव आणि सही असे तीनच रकाने आखले.